एकाच पिनचा डब्बा

"मुलासाठी पाहून राह्यले का, बाई?"

चंद्रपूरच्या वाद्यांच्या दुकानात शिरल्याबरोबर दुकानदारानं मला हे विचारलं. माझ्या शेजारी संघप्रिया उभी होती. तिच्या पाठीवर काळ्या पिशवीत बेस गिटार होती आणि पिशवीचं टोक तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. तरी त्या माणसाला मुलगा दिसला, जो दुकानात नव्हताच.

मी तोंड उघडणार होते. घरकाम करणाऱ्या बायांची संघटना चालवते मी. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं भांडून शिकले, त्यामुळे माझं तोंड उघडलं की काय होतं ते या शहरातल्या बऱ्याच साहेबांना ठाऊक आहे. पण संघप्रियानं माझं मनगट धरलं आणि स्वतःच बोलली.

"माह्यासाठी पाह्यजे. बेसचा ॲम्प. घरी वाजवता आला पाह्यजे आणि लहान प्रोग्रामले पण चालला पाह्यजे."

"तुम्ही वाजवता?"

"नाई, पाठीवर घेऊन फिरते. व्यायाम होते."

दुकानदार हसला नाही. त्याला ते समजलंच नसावं.

संघप्रिया पेट्रोल पंपावर कामाला आहे. बाबूपेठेत भाड्याच्या एका खोलीत राहते. वय तिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. का केलं नाही हे लोक तिला विचारतात, ती उत्तर देत नाही, म्हणून मीही इथं देणार नाही. दिवसभर उन्हात उभं राहून लोकांच्या टाक्या भरते. तिच्या हाताला पेट्रोलचा वास कायम असतो, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकाशी घट्टे आहेत. ते घट्टे पंपाचे नाहीत, बेसचे आहेत.

ती गिटार तिच्या घरात आली तीच मुळी चुकीनं. बल्लारपूरचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्याचं सामान विकायला निघालं होतं. तिच्या भावाला, प्रफुलला, गिटार पाहिजे होती. त्यानं एक लांब दांड्याची उचलली. तिला चारच तारा होत्या. त्याला वाटलं, दोन तुटल्या असतील, बसवून घेऊ. तो ती घेऊन दुकानात गेला आणि म्हणाला, "राहिलेल्या दोन तारा लावून द्या." दुकानातली माणसं पोट धरून हसली. प्रफुल इतका खजील झाला की त्यानं ती माळ्यावर फेकली आणि पुढे पुण्याला कंपनीत लागला. संघप्रियानं ती खाली काढली. मोबाइलवर पाहून पाहून शिकली. पंपावरून आली की पाय सुजलेले असायचे, ते भिंतीला वर टेकवून, खाटेवर पडून, गिटार पोटावर घेऊन वाजवायची. आवाज फक्त तिच्या इयरफोनमध्ये. बाहेर ऐकणाऱ्याला तारांची नुसती टिकटिक, जशी पाल कुठे चुकचुकते. भिंतीपलीकडे घरमालक, त्यामुळे तेही बरंच होतं.

मग ती गुणवंतरावांच्या गायन पार्टीत गेली. गुणवंतराव म्हणजे आमच्या भागातलं जुनं नाव. नामकरण, लग्न, विहाराचा वर्धापनदिन, मयतीनंतरचं पुण्यानुमोदन, काहीही असो, नागभीडपासून पोंभुर्ण्यापर्यंत लोक त्यांनाच बोलावतात. साठी उलटली, तरी गळा खणखणीत आहे. ते स्वतः हार्मोनियमवर, इसरू आत्राम ढोलकीवर, विक्की कीबोर्डवर. संघप्रियाला घेताना ते मला म्हणाले होते, "पार्टीत एक पोट्टी उभी दिसली तर बरं दिसते, बाई." मला तेव्हाच झोंबलं. ती म्हणाली, "राहू द्या ना ताई, घेतलं ना त्यायनं."

बेस म्हणजे काय हे मलाही तिच्यामुळेच कळलं. गाण्याच्या बुडाशी एक जाड आवाज चालत असतो. तो कानापेक्षा छातीला लागतो. ढोलकी चालते ती त्याच्या जमिनीवर. आता गंमत अशी की दोन वर्षं संघप्रिया ती जमीन घालत होती आणि ती कुणाच्या पायाखाली पोचतच नव्हती. कारण साउंड असतो गावच्या बिछायत केंद्राचा. मांडव, सतरंज्या, भांडी आणि साउंड, सगळं एकाच मालकाचं. त्याच्या मशीनला पिन लावायच्या जागा मोजक्या. गायकाचा माइक, कोरसचा माइक, ढोलकीला दोन, कीबोर्डला एक. उरली तर बेसला. आणि बेस लावला की मशीन घुंऽऽ करते. अर्थिंगचा पत्ता नसतो ना कुठे. मग मशीनवर बसलेला माणूस पहिलं काय करतो? बेसचा खटका शून्यावर नेतो. घुंऽऽ बंद, त्याचं डोकं शांत. संघप्रिया उभी असते, बोटं चालू असतात, आणि आवाज कुठेच नसतो. तिला स्वतःलाही येत नसतो. ती इसरूच्या हाताकडे पाहून वाजवायची.

त्या उन्हाळ्यात गुणवंतरावांनी तिला सरळ सांगितलं. तालमीत, सगळ्यांसमोर.

"हे पाह्य, संघप्रिया. गाडीत सीटा किती, तुले माहीत आहे. कोरसले एक बाई वाढवायची आहे मले. तुझं ते ऐकू तर येत नाई. विक्कीच्या डाव्या हातानं बेस निघते, काम भागते."

"ऐकू येत नाई तं माह्या चुकीनं नाई येत, भाऊ. माहा आवाज बंद करून ठेवते तो मशीनवाला."

"चुकी कोणाची बी असन. पोंभुर्ण्याकडचा प्रोग्राम आहे पुढचा. त्याच्यात ऐकू आली तं सीट तुझी. नाई आली तं बाईची."

म्हणून आम्ही त्या दुकानात उभ्या होतो.

दुकानदारानं आधी एक छोटा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डब्बा, काढला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. "प्रॅक्टिसले एकदम मस्त." संघप्रियानं आपली गिटार लावली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आतून कागद फाटल्यासारखा आवाज आला. "हा साध्या गिटारचा आहे जी," ती म्हणाली. "याचा पडदा जाड तारेले टिकत नाई. महिन्याभरात फाटन."

मग त्यानं ट्रॉली स्पीकर ओढत आणला. तुम्ही पाहिलाच असेल, आमच्या भागात बचत गटाची मीटिंग असो की निवडणुकीचा प्रचार, तोच असतो. चाकं, बॅटरी, ब्लूटूथ, दोन माइक, आणि पुढे लाल-निळे लाइट फिरतात.

"हे घ्या. याच्यात सगळंच आहे. गिटार लावा, गाणं लावा, भाषण करा, लाइट गेली तरी चालते."

त्याच वेळी गुणवंतरावांचा फोन आला. त्यांना ठाऊक होतं ती कुठे गेली आहे. फोन तिनं स्पीकरवर ठेवला.

"माइकवालं पाह्य, पोरी. दोन माइकवालं. एक वस्तू घ्यायची तं चार कामाची घ्यावी."

"भाऊ, माइकची जागा असन तं तिथं माइक येईन. मग मी कुठी जाऊ?"

"अशी काय बोलून राह्यली? पार्टीच्याच कामाचं आहे ना?"

"माह्या कामाचं पाह्यजे मले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्याकडे एका कामाची वस्तू कुणी घेत नाही, हे खरं आहे. खुर्ची घेतली तर तिच्यावर चढून पंखाही पुसता आला पाहिजे. मी स्वतः अशीच आहे. पण त्या दिवशी मला ती बोलली ते पटलं.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात हार्मोनियमच्या पेट्यांखाली एक काळा चौकोनी डब्बा होता. पुढे लोखंडी जाळी, वर चार-पाच खटके. कुणीतरी मागवून नेलाच नव्हता. पिन लावायची एकच जागा. बाजूला इयरफोनची, म्हणजे घरमालक झोपला तरी हरकत नाही, आणि मागे एक तार बाहेर काढायची, मोठ्या मशीनला जोडायचं असेल तर. बस. लाइट नाही, चाक नाही.

"हा जड आहे," दुकानदार म्हणाला. तो अजून माझ्याशीच बोलत होता. "बाईले झेपणार नाई."

संघप्रियानं एका हातानं तो उचलला आणि काउंटरजवळ आणून ठेवला. मग ती त्याला म्हणाली, "ढोलकी येते का वाजवता?"

"येते थोडीशी."

"मग घ्या एक. हाणा जोरात. एकट्यानं वाजवलं तं कोणताही डब्बा चांगलाच लागते." आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही रस्त्यापलीकडे जा. पानठेल्यापाशी उभ्या राहा. ढोलकीच्या खालून मी ऐकू आली तं हात वर करा."

मी गेले. भर बाजार, ऑटोवाले हॉर्न वाजवतायत, भाजीवाली ओरडतेय. आधी तिनं ट्रॉली स्पीकर लावला. ढोलकी ऐकू आली, लाइट फिरताना दिसले, बेस नाही. मी हात खालीच ठेवला. मग तो काळा डब्बा लावला. मी आधी काही ऐकलं नाही. पानठेल्यावरच्या सुपारीच्या बरण्यांची झाकणं किणकिणायला लागली. पानवाल्यानं मान वर केली.

"काय बाप्पा, दुकानात ट्रक चालू केला का कोणी?"

मी हात वर केला. दोन्ही हात वर केले.

पैशाचं मी लिहीत नाही. तिचे होते, तिनं दिले.

पुढचे काही दिवस मी तिच्या खोलीवर गेले की ती डब्ब्यासमोर जमिनीवर बसलेली असायची. खटका अगदी थोडा फिरवलेला, भिंतीपलीकडे जाणार नाही इतकाच. आणि स्वतःवरच चिडलेली.

"ताई, इतके दिवस मी किती घाण वाजवत होती! इयरफोनमंधी समजतच नव्हतं. तार सोडली तरी मागं वाजतच राह्यते, दुसऱ्या सुरावर चढून जाते. हे पाहा, आता हात ठेवून बंद करते."

मला फरक कळत नव्हता. मी म्हटलं, "चांगलं तर वाजतंय."

"तुम्ही मोर्चातल्या, ताई. तुमाले मोठं वाजलं का चांगलं वाटते."

घ्या. मला असं बोलून जिवंत राहिलेली माणसं थोडी आहेत. मी हसले. त्या दिवसांत ती खूश होती, हे मला लिहून ठेवायचंय, कारण पुढे लिहिण्यासारखं तसं काही नाही.

प्रोग्राम पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका गावी होता. धानाच्या बांध्या संपून सागाचं रान लागतं तिथं. विहाराला नवा सभामंडप बांधला होता, त्याचं उद्घाटन, भर दुपारी. आयोजकांनी मलाही बोलावलं होतं. गाडीत जागा नव्हती, मी एसटीनं गेले. पार्टीची गाडी आली तेव्हा सगळे उतरले, इसरू शेवटी उतरला, दोन्ही मांड्या चोळत. डब्बा त्यानं मांडीवर घेऊन आणला होता. गुणवंतराव म्हणाले होते, डब्ब्याले जागा नाई. इसरू म्हणाला होता, मग माह्या मांडीवर आहे ना जागा.

आमच्याकडच्या प्रोग्रामचा क्रम ठरलेला असतो. आधी वंदना. मग पाहुणे येईपर्यंत गाणी. पाहुण्यांची गाडी दिसली की गाणं जिथं असेल तिथं तोडायचं, कडव्याच्या मधे असलं तरी. मग स्वागत, शाली, भाषणं. आणि सगळं होऊन वेळ उरलाच तर पुन्हा गाणी. बाबासाहेबांची गाणी म्हणायला बोलावतात आणि ती गाडीच्या हॉर्नवर तोडतात, याचा मला कायम राग येतो. हे मी भर सभेत बोलले आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तोडतात.

वंदना झाली. संघप्रियानं डब्बा ढोलकीच्या मागे ठेवला, लाल दिवा लागला. गुणवंतरावांनी पेटीवर सूर धरला. इसरूनं ठेका घेतला आणि तिचा बेस आला. फक्त सुरुवातीचे सूर, शब्द यायच्या आधीचे. मी मंडपात बायांमध्ये सतरंजीवर बसले होते. माझ्या मांडीखाली सतरंजी हलली. शेजारच्या म्हाताऱ्या आजीनं जमिनीवर तळवा टेकवून पाहिलं. इसरूनं वाजवता वाजवता मान मागे वळवली, संघप्रियाकडे पाहिलं आणि त्याचे सगळे दात दिसले.

"आता पाय सापडला, बाई!" तो ओरडला.

गुणवंतरावांनी पहिल्या ओळीसाठी तोंड उघडलं आणि बाहेर हॉर्न वाजला.

गाणं तुटलं. पाहुणे आले. कोण होते ते लिहीत नाही, तसे प्रत्येक तालुक्यात असतात, पांढरे कपडे आणि मागे मोबाइलवर शूटिंग करणारी पोरं. स्वागत झालं, शाल झाली. पाहुणे माइकसमोर उभे राहिले, "आदरणीय" म्हणाले, आणि बिछायतवाल्याची मशीन बसली. एकदम. मशीनवाल्यानं थापटलं, वायरी हलवल्या, काही नाही. जळक्याचा वास आला. लाइट होती, पंखे फिरत होते, फक्त मशीन मेली होती.

पाहुणे माइक हातात धरून उभे. मंडपात सगळीकडून कुजबुज. आणि मग मी पाहिलं, एकेक माणूस एकाच ठिकाणी बघायला लागला. ढोलकीच्या मागे तो लाल दिवा चालू होता.

मशीनवाला उठला नाही. आयोजक उठले नाहीत. गुणवंतराव स्वतः उठले. डब्ब्यापाशी वाकले, संघप्रियाची पिन उपटली आणि माइकची पिन तिथं खुपसली. पिन तिथं बसते. एकच जागा होती, आणि ती माइकच्या पिनच्याच मापाची होती. तिनं इतकं पारखून घेतलं, दोन माइकवालं नाकारलं, दुकानदाराकडून ढोलकी वाजवून घेतली. पण कुणी तिचीच वायर काढून फेकेल हे तिच्या हिशोबात नव्हतं. इतका विश्वास तिनं ठेवायला नको होता. पण आपल्याच पार्टीवर न ठेवून कुणावर ठेवायचा?

मी उठले. माझ्या अंगात जी वीज येते ती आली होती. संघप्रियानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. विहाराच्या मंडपात नको. मी बसले. आजपर्यंत तहसीलदारानं सांगूनही मी बसले नव्हते.

पाहुणे बोलायला लागले. आता बेसच्या डब्ब्यातून माणूस बोलला की काय होतं ते ऐका. रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज. नुसतं भूं भूं भूं. पाहुण्यांना वाटलं आवाज कमी पडतोय, ते ओरडले. मशीनवाल्याला आता काम सुचलं, त्यानं येऊन सगळे खटके टोकाला नेले. ज्या माणसानं दोन वर्षं तिचा खटका शून्यावर ठेवला, त्यानं. भूंचं भोंऽऽ झालं. कुणाला एक वाक्य कळलं नाही. 'महिला' हा शब्द बऱ्याचदा आला असावा, पण नक्की सांगता येणार नाही. लोक टाळ्या मात्र बरोबर जागी वाजवत होते.

संघप्रिया तशीच उभी होती. गळ्यात गिटार, आणि उपटलेली वायर हातात गुंडाळलेली.

भाषण संपलं. जेवणाची पंगत तयार होती, पाहुण्यांना पुढे जायचं होतं. ते म्हणाले, एक गाणं होऊन जाऊ द्या, व्हिडिओ काढू. संघप्रिया गुणवंतरावांजवळ गेली.

"भाऊ, माही वायर लावते."

"थांब ना. माइक काढला तं मी गाऊ कसा?"

"एकाच गाण्याचा प्रश्न आहे, भाऊ. तुमचा गळा असाच जाते शेवटपर्यंत. मंडप लहान आहे."

"शब्द गेले पाह्यजे, पोरी. जा, उभी राह्य."

ती जाऊन उभी राहिली. विक्कीनं कीबोर्डचा स्वतःचा छोटा स्पीकर चालू केला आणि डाव्या हातानं बेस धरला. ढुम ढुम, प्लास्टिकचा. गुणवंतराव तिच्या डब्ब्यातून गायले. संघप्रियाची बोटं तारांवर चालत होती. गिटारची वायर कुठेच लावलेली नव्हती. जाणीवपूर्वक वाजवत होती की बोटांना थांबायचं कळलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पाहुणे निघताना थांबले, तिच्याकडे बोट दाखवून आयोजकांना म्हणाले, "पोट्टी गिटार चांगली वाजवते हं."

आता मंडप संपला होता, रस्ता सुरू झाला होता. रस्त्यावर मला कुणी गप्प करू शकत नाही. गाडीपाशी मी गुणवंतरावांना धरलं.

"जयभीम भाऊ. तिची पिन काढताना हात नाही थरथरला?"

"काऊन थरथरन? पाहुणे उभे होते. पार्टीची इज्जत होती."

"पार्टीत ती नाही?"

ते गाडीच्या दाराला टेकले. थकले होते, शर्ट घामानं चिकटला होता. "बाई, मी काय तिचा दुश्मन आहो? जवानीपासून गाऊन राह्यलो. चिखलात बैलबंडीनं गेलो, मांडवात दगडं खाल्ले. काऊन? शब्द गेला पाह्यजे म्हणून. लोक शब्द ऐकायले येतात. बेस ऐकायले कोण येते, सांग मले."

"शब्द आज गेला का?"

"डब्बा खराब आहे तिचा. दमच नाई त्याच्यात."

"डब्बा बेसचा आहे, भाऊ! तुम्ही बैलबंडीत डिझेल टाकाल आणि म्हणाल बंडी खराब?"

इसरू हसला आणि लगेच थांबला. गुणवंतराव माझ्याकडे पाहतच नव्हते. ते संघप्रियाशी बोलले, आवाज न चढवता. "ठरलं होतं ना? आज बी ऐकू नाई आली तू. पुढच्या प्रोग्रामले बाई येईन. तू आराम कर."

संघप्रिया एवढंच म्हणाली, "ठीक आहे जी." डब्बा तिनं गाडीतून उतरवला आणि माझ्यासोबत एसटीनं आली. कंडक्टरनं डब्ब्याचं लगेज लावलं. मी त्याच्याशी भांडले. कुणाशी तरी भांडायचंच होतं.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. काही दिवसांनी मी तिच्या खोलीवर बसले होते, तिची पंपावरची पाळी सुटली होती, चहा झाला होता, आणि दारात विक्कीची मोटरसायकल थांबली.

"जयभीम ताई. जयभीम, संघप्रिया. भाऊनं पाठवलं. नागभीडले नामकरण आहे. तिथल्या मशीनचा भरोसा नाई म्हणते. डब्बा दे म्हणे."

"डब्बा तं खराब होता ना?" मी विचारलं.

"जाड येते, पण येते. मी खटके फिरवून साफ करीन." त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. विक्की वाईट मुलगा नाही. हेच तर. यातलं कुणीच वाईट नाही.

म्हणजे डब्ब्याला सीट होती. तिला नव्हती.

मला वाटलं आता ती रडेल किंवा त्याला हाकलेल. मी तिच्या जागी काय केलं असतं ते छापण्यासारखं नाही. ती म्हणाली, "उभा काऊन आहे? बस."

तो खाटेच्या कडेवर बसला. तिनं गिटार घेतली, पिन लावली, खटका फिरवला. या वेळी भिंतीचा विचार केला नाही. आणि वाजवलं. एक अख्खं गाणं, सुरुवातीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत, बिनशब्दांचं, नुसता बेस. फळीवरच्या ताट-वाट्या वाजायला लागल्या. मला गाण्यातलं कळत नाही, पण चहाच्या कपातला उरलेला थेंब थरथरताना मी पाहिला. विक्की आधी मोबाइल बघत होता. मग मोबाइल उलटा ठेवला. मग त्याची डावी बोटं गुडघ्यावर चालायला लागली, आणि एका जागी चुकली, कारण संघप्रिया तिथं भलतीकडेच वळली होती.

तिनं तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. लगेच भिंतीपलीकडून घरमालकानं थाप मारली.

"हे आपलंच ना? शेवटचं गाणं?" विक्की म्हणाला. "त्या कडव्यात तू असं खाली जाते? मले माहीतच नाई. केव्हा बसवलं हे?"

"दोन वर्षांपासून हेच वाजवून राह्यली मी, विक्की. तुह्या बाजूलेच उभी होती ना."

विक्की उठला. चप्पल शोधायला त्याला जरा वेळ लागला. दारात थांबून म्हणाला, "भाऊले काय सांगू?"

"सांग, डब्ब्यासोबत मी येते. एकटा डब्बा येत नाई."

"ते नाई म्हणतीन."

"माहीत आहे मले."

गुणवंतरावांनी ट्रॉली स्पीकर घेतला. दोन माइकवाला. पार्टी जोरात चालू आहे, कोरसला बाई आहे, पुढे लाल-निळे लाइट फिरतात. मी नंतर त्यांचे दोन-तीन प्रोग्राम मुद्दाम ऐकले. बेस कुठे गेला असं एकाही माणसानं विचारलं नाही. संघप्रिया पंपावर असते. संध्याकाळी खोलीत वाजवते, घरमालकानं ठरवून दिलेल्या वेळेत, त्यानं मान्य केलेल्या आवाजात. मी तिला म्हटलं, आपल्या संघटनेच्या मेळाव्यात वाजव. ती म्हणाली, "एकटीनं बेस ऐकवायचा म्हणजे नुसते पायच चालवून दाखवायचे ताई, माणूस कुठी आहे वर?"

परवा बसस्थानकावर इसरू दिसला. ढोलकी पिशवीत घालून पोंभुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत होता.

"काय इसरूभाऊ, कशी चालू आहे पार्टी?"

"चालू आहे जी." मग जरा जवळ येऊन, "पण ताई, पाय नाई सापडत आता. ठेका धरतो न् खाली काहीच नसते."

"मग हे गुणवंतरावांना सांगितलं का?"

त्यानं ढोलकी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. गाडी फलाटाला लागत होती.

"मले बी सीट पाह्यजे ना, ताई," तो म्हणाला आणि चढला.